चार फूट अकरा

सादिक मणियारने टेप ताणली, खडूची रेघ मारली:
मधोमध पाच फूट आठ,
कडेला तीन, त्याहून थोडं कमीच.
"मावशी, इथं पंखा विसरा,
लोंबत्या दिव्याचं तर नावच काढू नका,"
म्हणाला, आणि उठताना
बीमला डोकं आपटलंच.
मी बर्फ आणून दिला
आणि हसू आवरलं. अर्धं.

जेल रोडच्या या रो-हाउसचा माळा
पंचवीस वर्षं
थर्माकोलचं मखर, बिनचाकी पाळणा,
उन्मेषची पहिली सायकल
गिळून गप्प बसला होता.
आता रिकामा केलाय. माझ्यासाठी.
एवढं वाक्य घरात बोलायला
मला रिटायर व्हावं लागलं.

बिटकोजवळच्या दुकानात
पोराने एकेक दिवा काउंटरवर टाकला,
पत्त्यांची पानं टाकावीत तसा.
छताला चिकटणारं पॅनेल, जाडी सव्वा इंच.
आत खोचायचे गोल दिवे,
पण त्यांना वर पोकळी हवी,
म्हणजे खोटं छत,
म्हणजे चार इंच गेले.
चार इंच म्हणजे काय असतं
हे त्याला कोण सांगणार.
लग्नाच्या बोलणीत वडलांनी
माझा एकच इंच वाढवून सांगितला होता;
तो मी पुढे जन्मभर
चपलेच्या टाचेत घालून फिरले.

"पांढरा घ्या काकू, सगळं लख्ख दिसतं."

लख्ख.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये
ट्यूबांच्या रांगेखाली
नोटांचे ताव तपासले मी.
तिथे सावली पडू द्यायची नव्हती,
स्वतःच्या हाताचीसुद्धा.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, रेघ तुटलेली.
दोष दिसला की बाजूला. पुढचा ताव.
घरी आले तरी डोळे ड्युटीवरच:
पोळीचा काठ, ह्यांच्या शर्टाची कॉलर,
उन्मेषचं प्रगतिपुस्तक,
आणि रात्री बेसिनवरच्या आरशात
मी.

"पिवळा दे," म्हटलं. "मंद करता येणारा."

शेवटी ठरलं ते असं:
छताला काहीच नाही.
उतार जिथे भिंतीला भेटतो
तिथे ॲल्युमिनियमच्या पट्टीत एलईडीची माळ,
वर तोंड करून.
उजेड आधी उतार चढेल,
मग दमून खाली येईल माझ्या गादीवर.
आणि एक दिवा गुडघ्याच्या उंचीवर,
बसणाऱ्याच्या खांद्यामागून
पुस्तकापुरता.
समोरचा कोपरा मात्र तसाच राहू दे, म्हटलं सादिकला.
"अंधारात?"
"अंधारात."
त्याने एकदा कोपऱ्याकडे बघितलं,
उरलेली वायर कोपरावर गुंडाळली,
अठराशे सत्तर रुपये सांगितले.

काल संध्याकाळी उन्मेष वर आला,
आणि त्याच्या मागून हे.
दोघेही उंच, दोघेही कमरेतून वाकलेले,
गाभाऱ्यात शिरावं तसे.
"आई, इथे उभंच राहता येत नाही गं."

मी उभी होते.

वरच्या फळीवरचा डबा,
बसमधली कडी, बँकेची खिडकी,
प्रत्येक ठिकाणी टाचा उचलून झाल्या माझ्या.
इथे हात वर केला
आणि तळवा टेकला छताला, अख्खा,
बोटं न ताणता.
स्लॅबमध्ये दिवसाचं ऊन अजून शिल्लक होतं,
म्हशीच्या पाठीसारखं कोमट.

नाशिक रोडला कुठलीशी गाडी लागली असावी,
पट्टीतला उजेड किंचित थरथरला,
की मीच बटण फिरवलं, आठवत नाही.
हे अजून मान तिरकी करून
माळेचा जोड कुठे आलाय ते शोधत होते.

"बसा की," म्हटलं.
"तिकडे बसा, कोपऱ्यात.
तिथे दिवा लावलेला नाही."